गाठ निघाली, पुढं काय?
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, आपल्या जुन्नर-आंबेगावात कुणाचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, की भेटायला येणारा पहिलं विचारतो, ‘गाठ पूर्ण निघाली ना?’ ‘हो’ ऐकलं की डझनभर केळी ठेवून निर्धास्तपणे घरी जातो. पेशंटच्या नाकात नळी असते, केळी शेजारची पोरं खातात. सर्जन गाठ काढतो, पण हा माणूस पुन्हा पंगतीला बसणार का, हे पुढच्या काही महिन्यांत घरीच ठरतं. आज तेवढंच बोलणार आहे.

शरद पवारांचं २००४ सालचं तोंडाच्या कॅन्सरचं आजारपण सर्वांना ठाऊक आहे. दात काढावे लागले, तोंड पूर्ण उघडत नाही, गिळायला-बोलायला त्रास होतो, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. सुपारीच्या सवयीबद्दल चाळीस वर्षांपूर्वी कुणी सावध करायला हवं होतं, असंही ते म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला जे चुकलं नाही, ते आपल्या कोळवाडीतल्या बाबाला कसं चुकेल?

‘गाठ तोंडात होती, मग मान का कापली?’ असं नातेवाईक रागानं विचारतात. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये याचं उत्तर जगापुढं मांडलं. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, तर तीन वर्षांनी शंभरात ८० जण जिवंत होते. नंतर दिसतील तेव्हा काढू म्हणून थांबलेल्यांत साधारण ६७. मात्र त्याच जागेतून खांद्याची नस जाते. ती वाचवली तरी बरेच दिवस सुस्त पडते. मग हात खांद्याच्या वर जात नाही. टोमॅटोचं क्रेट टेम्पोत चढवणं दूरच, सदरा घालतानाही कळ येते. ‘हाताला आराम द्या’ हा सल्ला इथं घातक. डॉक्टरांनी परवानगी दिली की भिंतीवर बोटं चढवत हात रोज थोडा थोडा वर न्यायचा. नाहीतर खांदा आखडतो.

जबड्याचंही तसंच. आपली तीन बोटं उभी तोंडात मावायला हवीत. ऑपरेशन आणि शेकानंतर, म्हणजे रेडिएशननंतर, स्नायू आवळत जातात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, आठवड्याला एखादी वाढवायची. दुखतं, म्हणून लोक सोडतात. मग भाकरी कायमची सुटते.

नाकातल्या नळीतून भरवताना पेशंटला टेकून बसवा. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरा, गाळलेली पेज आपसूक उतरू द्या; ढकलू नका. शेवटी पाणी सोडा, अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. मानेच्या टाक्यांतून लाळ पाझरू लागली, तर आतली शिवण सुटलीय असं समजा. तोंडानं घोटभरही पाणी न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यातल्या पुष्कळ जखमा ड्रेसिंग आणि नळीच्या आहारावर भरून येतात. ताप, रक्त, धाप यांना मात्र सकाळची वाट पाहायची नसते.

शेक सांगितला असेल तर तो ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो आणि पुढं सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालतो. आहुप्याहून किंवा घाटघरहून एसटीनं रोज पुण्याला जाऊन-येऊन हे जमणार नाही. राहण्याची सोय आधीच बघा. मुंबईला टाटात गेलात, तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं ऑपरेशनच्या वेळचीच जपून ठेवा. ‘सुगीनंतर बघू’ म्हणणाऱ्यांवर मी चिडतो, आणि चिडणारच.

शेवटचं बायांसाठी. नवऱ्याला नळीतून पेज देणारी बाई स्वतः सकाळ-संध्याकाळ मिसरी लावत असते, आणि तिच्या तोंडात कुणीच बघत नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण तीन आठवडे टिकला, तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. नवऱ्याच्या तपासणीला जाल, तेव्हा स्वतःचाही केसपेपर काढा.