निउए : सतराशें माणसांचें स्वराज्य



पॅसिफिक महासागरांत, न्यूझीलंडच्या ईशान्येस, सुमारें २६० चौरस किलोमीटर विस्ताराचें निउए नांवाचें प्रवाळ-बेट आहे. ता. १९ ऑक्टोबर १९७४ रोजीं त्यास स्वयंशासन मिळालें. विधिमंडळांत २० सभासद. पैकीं १४ एकेका गांवाचे, ६ सर्व बेटाचे. कायदे करावे, कर बसवावे, कारभार हांकावा, हा अधिकार त्यांचाच. मात्र न्यूझीलंडशीं मुक्त सहयोगाचें नातें राखिलें असल्यामुळें निउएचे लोक त्या देशाचे नागरिकच राहिले.

खरा पेंच येथेंच आहे. ऑकलंडला जाऊन राहावयास कोणाची आडकाठी नाहीं. शिक्षण व रोजगार तिकडे अधिक. १९६६ सालीं ५,००० हून अधिक असलेली वस्ती आज सुमारें १,७०० वर आली आहे. उलट, न्यूझीलंडच्या २०१८ च्या शिरगणतींत ३०,००० हून अधिक लोकांनीं आपण निउएवंशीय असल्याचें नोंदविलें!

म्हणजे दर ८५ रहिवाशांमागें एक सभासद. इतकी जवळची लोकसत्ता क्वचितच आढळेल. पण तीस धोकाही तितकाच जवळचा. नागरिकत्व सोडावें तर आधार तुटतो. राखावें तर तरुण जातात. स्वराज्याची सनद कागदावर लिहितां येते. ती चालवावयास मात्र माणसें गांवांतच राहावीं लागतात.