रुग्णाला कामाविषयी विचारा

(सफाळे येथे आरोग्य कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयातील केसपेपरवर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. तो भरला जातो आणि पुढे कोणी वाचत नाही. रुग्ण स्त्री असेल तर बहुधा 'गृहिणी' असे लिहून मोकळे होतात; मग ती पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन दादरला जाणारी असो, की दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन पावसाळ्याच्या तोंडी परतणारी असो. कर्करोग कोणत्या अवयवाला झाला, कितव्या अवस्थेत आहे, ह्याची नोंद काटेकोर असते. त्या शरीराला रोज कोणते काम करायचे आहे, हे विचारायचे राहून जाते. 'आता विश्रांती घ्या' एवढे एकच वाक्य कामाविषयी उच्चारले जाते. ज्याची पगारी रजा शिल्लक आहे त्याला ते लागू पडते. ज्याची मजुरी दिवसावर आहे त्याला तो उपाशी राहण्याचा सल्ला ठरतो.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे रुग्ण येतात आणि महिनोन् महिने मुंबईत अडकून पडतात. त्यांचे काम गावी मागे राहिलेले असते. सफाळ्याच्या रुग्णाचे तसे नाही. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतणे बरेच सोपे झाले. ही सोय मोठीच आहे. पण तिच्यामुळे रुग्ण रोज संध्याकाळी आपल्या कामासमोर येऊन उभा राहतो. जाळे फाटलेले असते, वाडीतील भाजी काढायला आलेली असते, मुकादमाचा निरोप आलेला असतो. कामावर जावे की नाही, हा प्रश्न तो परळच्या तज्ज्ञाला विचारत नाही. विचारलाच तर गावच्या परिचारिकेला किंवा आशा कार्यकर्तीला विचारतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापुरती माहिती वैद्यकशास्त्रापाशी आहे. ती कामाच्या भाषेत सांगितली जात नाही, एवढेच. केमोथेरपीच्या अनेक प्रकारांत दर २१ दिवसांनी औषध देतात. पांढऱ्या पेशी साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात सर्वांत कमी होतात आणि तिसऱ्यात सावरतात. म्हणजे भाजीवालीने गाडीची आणि बाजाराची गर्दी कोणत्या दिवसांत टाळायची आणि कोणत्या दिवसांत दोन पैसे मिळवायचे, हे तिच्या औषधानुसार बऱ्याच अंशी आधी सांगता येते. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा, पण दिवस सगळा जातो. तिला दुपारची वेळ मिळाली तर सकाळचा दादरचा बाजार कदाचित हातचा जाणार नाही. ही वेळ मागता येते, हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

आतड्याच्या कर्करोगावर ऑक्झालिप्लाटिन नावाचे औषध देतात. त्यानंतर काही दिवस थंड वस्तूला हात लावला तरी बोटांत कळा येतात. कार्यालयात बसणाऱ्याला हातमोजे घाला म्हटले की भागते. एडवण-दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर बर्फातली मासळी निवडणाऱ्या कोळणीला हे आधी सांगितले नाही, तर रोग बळावला असे समजून ती उपचारच सोडील. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या की हात सुजण्याचा धोका असतो. म्हणून त्या हाताने जड उचलू नका, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मात्र, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेल्यास सूज वाढत नाही, असे आढळले. जुन्या सल्ल्यापायी किती पाट्या कायमच्या खाली उतरल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

डॉक्टर म्हणतील, बाह्यरुग्ण विभागात एवढा वेळ कोठे आहे? तक्रार खरी आहे. पण 'तुम्ही काय काम करता, आणि त्यातले कोणते काम अवघड जाते?' हे विचारायला अर्धे मिनिट लागते. उत्तर ऐकायला थोडे अधिक लागेल. विचारणे म्हणजे कामावर ढकलणे नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एखाद्याला भट्टीवर पुन्हा कधीच जायचे नसेल. तेही त्याला बोलून दाखवता आले पाहिजे. आणि त्याला न विचारता ही गोष्ट मालकाच्या कानी जाता कामा नये.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराचा प्रश्न कागदाचा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत साध्या आजारासाठी वर्षात ९१ दिवस, मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. कंत्राटदार बदलला आणि नोंदीत खंड पडला की हा हक्क हातून जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते, बुडालेली मजुरी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत कर्करोग नाही. स्वरयंत्र काढल्याने गेलेली वाणी तेवढी त्यात बसते. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्यानुसार निदान झाल्या दिवसापासून कर्करोगाच्या रुग्णाला नोकरीत अपंगांचे संरक्षण मिळते. येथे १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीची व्याख्या घातली गेली, तेव्हा सततच्या अनारोग्यामुळे कामावरून काढणे ही छाटणीच नव्हे, असे तीत लिहिले गेले. आणि ह्याच महाराष्ट्राने, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून काम मागण्याचा हक्क मान्य केला होता.

तेव्हा प्रमाणपत्राकडे जरा निरखून पाहावे. त्यावर 'कामास योग्य' किंवा 'अयोग्य' एवढेच लिहिण्याचा प्रघात आहे. 'तीन महिने हलके काम, रात्रपाळी नको, रसायनांच्या खात्यात नको' असे डॉक्टरने लिहून दिले, तर कामगार संघटनेला व्यवस्थापनापुढे ठेवायला काही हाती लागते. नुसते 'अयोग्य' लिहिलेला कागद व्यवस्थापनाच्याच उपयोगी पडतो.