देवळीतील कवळी

(चाकण भागातील एका गावी, शाळेच्या पडवीत जमलेल्या मंडळींपुढे दिलेले भाषण.)



आम्ही मास्तर माणूस, दंतवैद्य नव्हे. तरी आज कवळीविषयी बोलण्यास उभे आहोत, याचे कारण आमच्याच घरात घडले आहे. आमच्या चुलतीने दोन वर्षांपूर्वी कवळी करून घेतली. पहिल्याच आठवड्यात ती टोचली, म्हणून देवळीत जाऊन बसली. लग्नकार्य आले, फोटो निघणार असला, की बाहेर यावयाची. एरवी म्हातारी आमटीत भात कालवून गिळायची. पंगतीस बसणे तिने सोडले. विचारावे तर म्हणे, "वय झालं, आता भूक लागत नाही." भूक लागत होती, चावता येत नव्हते.

तिच्या मुलाने मग उपाय केला. तो भोसरीत लेथवर काम करितो. कारखान्यात केसाएवढे माप चुकले तर जॉब भंगारात जातो, हे त्याला ठाऊक. परंतु आईच्या कवळीवर त्याने खुशाल कानस चालविली. टोचणे थांबले आणि कवळी खुळखुळू लागली. त्यावर दुकानातला झटपट चिकटणारा गोंद आला! पोराची माया खोटी नव्हती, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

मंडळी, जू नीट बसले नाही तर बैलाचा खांदा सोलतो. तेव्हा तुम्ही बैलाचा खांदा तासता काय? कवळी जेथे टोचते तेथे हिरडीवर खूण उमटते. ती खूण पाहून दंतवैद्य नेमकी तेवढीच जागा घासतो. नव्या कवळीस असे दोन-तीन वेळा जावेच लागते. त्यात कवळी बिघडली असे काही नाही. आणि एकदा केली की जन्माची झाली, हाही भ्रमच. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, पहिल्या वर्षी तर फार. हाड खाली बसते, कवळी मात्र होती तशीच राहते, सबब ती सैल होते. मग तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते किंवा काही वर्षांनी दुसरी करावी लागते.

कित्येक जण म्हणतात, वरची बसते पण खालची उडते, म्हणजे डॉक्टराने फसविले. तसे नाही. वरची कवळी टाळूवर लाळेच्या पातळ थराने धरून राहते. खालचीस टाळू नाही, आणि मध्ये जीभ सारखी ढकलीत असते. जिभेला वळण लागण्यास काही आठवडे जातात. आम्ही शाळेत मुलांकडून मोठ्याने वाचून घेतो, तसे कवळी घालून रोज हेच वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, बोबडेपणा जातो. वाचता येत नसेल तर नातवाशी भांडावे.

भाकरीचे म्हणाल तर कवळीचा जोर आपल्या दातांच्या पाव हिश्श्याएवढाच, किंवा त्याहूनही कमी. पुढच्या दातांनी तोडू गेल्यास ती मागून उचलते. सबब भाकरी कुस्करून, लहान घास दोन्ही बाजूंनी एकदम चावावा. कणसाचे दाणे सोलून घ्यावे. ऊस तेवढा विसरावा.

"वरचा दात काढला की नजर जाते" हे तर घरोघर ऐकू येते. दाताची नस वेगळी आणि पाहण्याची नस वेगळी. ज्या वयात दात पडतात त्याच वयात मोतीबिंदूही येतो, आणि दोष बिचाऱ्या दाताच्या माथी बसतो. या भीतीने किडके दात तोंडात कुजवीत ठेवणारे आमच्या गावातच आहेत. असल्या गोष्टी थोरामोठ्यांच्याही मागे लागतात. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अधिकारावर आले तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती असे लोक सांगत आले. खरे पाहता त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत, माणसांचे व जनावरांचे दात आणि शिसे असे. आजची कवळी ॲक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकची असते. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. राखेने, मिठाने, मंजनाने तिला ओरखडे पडून त्यांत घाण बसते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. खाली पाण्याचे भांडे ठेवून धुवावी, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री काढून पाण्यात ठेवावी. रात्रंदिवस घातली तर हिरडीला विसावा नाही, आणि खाली बुरशी धरून टाळू लाल होतो.

रस्त्याकडेला बसून अर्ध्या तासात दात बसविणारेही भेटतात. ते शेजारच्या दातांना चिकटवून देतात, खाली अन्न कुजते आणि चांगले दातही जातात. कायद्याने दंतवैद्यास नोंदणी लागते. तेवढे विचारून घ्यावे. पिंपरीस संत तुकाराम नगरात दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारी मुले शिक्षकांच्या नजरेखाली काम करितात.

आता शेवटचे, आणि ज्यासाठी आम्ही उभे राहिलो ते. दात नाहीत म्हणजे तोंड दाखविण्याचे कारण नाही, असे चुलतीस वाटले. कानस मारलेल्या कडेशी तिच्या गालात जखम झाली आहे. तिने कोणास सांगितले नाही. महिना झाला. चाळीस वर्षे ती मिसरी लाविते. तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखविलीच पाहिजे. कवळीची असेल तर कवळी दुरुस्त होते, कर्करोगाची असेल तर लवकर कळलेली बरी. आमच्याच घरात, आम्ही मास्तर असून, आम्हांस हे परवा कळले.

उद्या सकाळी तिला घेऊन आम्ही पिंपरीस जात आहोत. गाडीत आणखी दोघांना जागा आहे. ज्यांच्या देवळीत कवळी असेल त्यांनी ती घेऊन सात वाजता शाळेपाशी यावे.