मेनोत्तींचा संघ आणि जनरलांचा चषक

अर्जेंटिनाने 1978 साली जिंकलेल्या फुटबॉल विश्वचषकाचा विषय निघाला की डाव्या विचाराचा माणूस थोडा अडखळतो. स्पर्धा लष्करशहांच्या राज्यात झालेली, कर्णधार पासारेला यांच्या हाती चषक दिला तोही जनरल व्हिदेला यांनी. आणि संघ बांधणारे सेझार लुइस मेनोत्ती मात्र रोसारिओचे, कम्युनिस्ट विचारांचे! हा विजय कोणाच्या खात्यावर मांडायचा?

आधी तारखा पाहाव्यात. राष्ट्रीय संघ मेनोत्तींकडे आला 1974 साली. जनरलांनी सत्ता बळकावली ती 24 मार्च 1976 रोजी. 1974 च्या विश्वचषकात नेदरलँड्सने अर्जेंटिनाला 4-0 असे लोळवले होते. स्पर्धा तोंडावर आली की क्लबांकडून खेळाडू गोळा करून कशीबशी मोट बांधायची, असा तोवरचा खाक्या. मेनोत्तींनी तो मोडला. राष्ट्रीय संघाचे काम सर्वांत आधी, क्लबांची सोय नंतर, हे त्यांनी फुटबॉल संघटनेच्या गळी उतरवले. निवडीच्या कक्षेतील खेळाडू स्पर्धेपूर्वी परदेशी विकले जाऊ नयेत अशी तजवीज करवून घेतली.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. अर्जेंटिनाचा फुटबॉल म्हणजे ब्युनॉस आयर्सचे मोठे क्लब, हे समीकरण बाजूला सारून त्यांनी केवळ प्रांतांतील खेळाडूंचा एक वेगळा संघ उभा केला. कोर्दोबाच्या तायेरेस क्लबचा बचावपटू लुइस गाल्वान अंतिम सामन्यात खेळला तो या दृष्टीमुळे. राजधानीने दुर्लक्षिलेल्या गुणवत्तेचा शोध घ्यायचा तर तेथे जावे लागते. पत्रके पाठवून ती हाती येत नाही. परदेशात खेळणारा एकच खेळाडू संघात घेतला, व्हॅलेन्सियाचा मारिओ केम्पेस. आणि सतरा वर्षांच्या मारादोनाला अखेरच्या निवडीत वगळले. त्याबद्दल त्यांच्यावर झालेली टीका अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

25 जून 1978 रोजी जादा वेळेत नेदरलँड्सचा 3-1 असा पराभव झाला; त्यांतले दोन गोल केम्पेसचे. तत्पूर्वी पेरूविरुद्धच्या 6-0 विजयाभोवतीचा संशय आजही फिटलेला नाही. अंतिम सामन्याच्या स्टेडियमपासून जवळच नौदलाचे यांत्रिकी विद्यालय होते आणि तेथे राजकीय कैद्यांचा छळ चालला होता. वाचलेल्यांनी पुढे सांगितले की प्रेक्षकांचा जल्लोष तेथपर्यंत ऐकू येत असे. सन्माननीय कक्षाकडे न पाहता गॅलरीतल्या कष्टकऱ्यांसाठी खेळा, असे खेळाडूंना बजावल्याचे मेनोत्ती नंतर सांगत. ते खरे मानले तरी त्या गॅलरीच्या जयघोषावर जनरलांनी आपली प्रतिष्ठा वाढवून घेतली, हे नाकारता येत नाही. आपला वापर झाला, हे मेनोत्तींनीही पुढे मान्य केले. त्यांच्या कामाची थोरवी सांगताना त्या काळातले त्यांचे मौन झाकून ठेवणे म्हणजे भाबडेपणा. मात्र चार वर्षांची ती बांधणी जनरलांना बहाल करून टाकणे हाही अन्यायच.

1980 च्या ऑगस्टमध्ये, बेपत्ता झालेल्यांची यादी जाहीर करा अशी मागणी करणारे निवेदन ब्युनॉस आयर्सच्या ‘क्लारिन’ दैनिकात छापून आले. खाली सह्या करणाऱ्यांत मेनोत्ती होते. सत्ता तेव्हाही जनरलांचीच होती आणि मेनोत्ती राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते.