काळे शौच आणि आपले कर्तव्य

(किल्लारी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु अशा संकोचापायीच माणूस दगावतो, म्हणून आपली क्षमा मागून बोलतो.

आमच्या घरातील एक वडीलधारे गुडघेदुखीसाठी कित्येक महिने वेदनाशामक गोळ्या घेत होते. एके दिवशी त्यांना डांबरासारखे काळे, चिकट व अतिदुर्गंधी शौच झाले. लाजेखातर त्यांनी ते कोणास सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते घेरी येऊन पडले. उन्हाचा त्रास समजून आम्ही त्यांस लिंबाचे सरबत दिले आणि दुपार घालविली. पुढे लातुरास नेल्यावर रक्त चढवावे लागले. ते बचावले, पण ती दुपार आम्हांस अजून बोचते.

रक्त दिसत नाही म्हणजे जात नाही, असे आम्ही मानले, ही आमची चूक. अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याचा आरंभीचा भाग येथे स्रवलेले रक्त खाली येईतो काळे पडते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, परंतु ते डांबरासारखे चिकट नसते. रक्ताची अथवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी हेही याच विकाराचे लक्षण होय.

मग गांभीर्य ओळखावे कसे? केवळ दिसलेल्या रक्तावरून नव्हे. सन २००० मध्ये ग्लासगो येथील ब्लॅचफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुणांची एक पद्धत प्रसिद्ध केली. नाडी, रक्तदाब, रक्तातील युरिया व हिमोग्लोबिन, काळे शौच, मूर्च्छा, यकृताचा व हृदयाचा विकार यांस तीत गुण असून त्यांची कमाल बेरीज २३ होते. शून्य वा एक गुण असल्यास रुग्णास बहुधा घरी पाठविता येते. गुण वाढतील तसा धोका वाढतो. दुर्बिणीच्या तपासणीपूर्वीच हा अंदाज बांधता येतो. मात्र आरंभी हिमोग्लोबिन फारसे उतरत नाही. पहिल्याच अहवालावर निश्चिंत राहू नये.

आपण घरी एवढे करावे. असे काळे शौच होताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नाडी मिनिटास १०० च्या वर, उभे राहताच घेरी, थंड घाम किंवा रक्ताची उलटी असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदच राहते. तेव्हा केवळ तिच्यावर विसंबू नये. रुग्णास आडवे निजवावे, उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे, तोंडाने काही देऊ नये आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

आपल्या गावच्या दगडमातीच्या जाड भिंती बाहेरून भक्कम दिसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्यांचे खरे बळ कळले. देहाच्या बाबतीत तरी इतका उशीर नको. घरच्या वृद्धांस हे विचारण्यास आपण लाजू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.