टेलिव्हिजनचा कार्यक्रम कसा तयार होतो?

(वळसंग येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेलिव्हिजन चांगला की वाईट, यावर आपल्या घराघरांतून पुष्कळ बोलले जाते. मुले अभ्यास सोडून पडद्यासमोर बसतात ही आईवडिलांची तक्रार, आणि सगळे पाहतात तर आम्हीच का पाहू नये हा मुलांचा सवाल. मोबाईल हाती आल्यापासून हा वाद आणखी वाढला आहे. मी आज त्याचा निवाडा करणार नाही. पडद्यावर दिसणारा कार्यक्रम मुळात तयार कसा होतो, एवढेच आपण पाहू. वस्तू कशी बनते हे ज्याला ठाऊक असते, त्याला तिची पारख करता येते. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हलकी चादर भारी म्हणून खपवणे अवघड जाते, ते याच कारणाने.

आपल्या देशात टेलिव्हिजनची सुरुवात 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत झाली. मुंबईचे केंद्र वरळी येथे 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'ज्ञानदीप' हे त्या केंद्राचे कार्यक्रम आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. यंत्रे त्यानंतर पार बदलली. कार्यक्रम तयार करण्याच्या पायऱ्या मात्र जवळजवळ त्याच राहिल्या आहेत.

त्या समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, सोलापुरी चादरीवर वीस मिनिटांचा कार्यक्रम करायचा आहे.

पहिला प्रश्न असा की, तो कोणासाठी? सातवीच्या मुलांसाठी असेल तर चादर विणली कशी जाते हे दाखवावे लागेल. व्यापाऱ्यांसाठी असेल तर बाजार आणि भाव यांवर बोलावे लागेल. विणकरांसाठी असेल तर मजुरीचा आणि आरोग्याचा विषय टाळता येणार नाही. विषय एकच, पण कार्यक्रम तीन. पाहणारा कोण हे ठरल्याशिवाय निर्मात्याला पुढे पाऊल टाकता येत नाही.

दुसरी पायरी माहिती जमवण्याची आणि संहिता लिहिण्याची. लेखक कारखान्यात जातो, कामगारांशी बोलतो, टिपणे काढतो. मग तो कागदाचे दोन भाग करतो. डाव्या बाजूला काय दिसेल ते आणि उजव्या बाजूला काय ऐकू येईल ते लिहितो. डावीकडे 'जकार्डची भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने फिरत आहेत' असे असेल, तर उजवीकडे त्या भोकांमुळे कोणता धागा उचलला जातो ते समजावणारे वाक्य येते. जे डोळ्यांना दिसतेच आहे ते शब्दांत पुन्हा सांगायचे नाही, हा या लेखनाचा पहिला धडा.

तिसरी पायरी नियोजनाची. किती दिवस लागतील, किती माणसे लागतील, खर्च किती येईल, परवानगी कोणाची हवी, वीज गेली तर काय करायचे, हे सगळे आधी कागदावर मांडतात. कार्यक्रम स्टुडिओत व्हायचा असेल तर सुताराकडून नेपथ्य उभे करून घ्यावे लागते, शिंप्याकडून कपडे शिवून घ्यावे लागतात. पडद्यावर एकच निवेदक दिसत असला तरी त्याच्यामागे अनेकांचे हात असतात.

चौथी पायरी चित्रीकरणाची. आपल्या उदाहरणातली खरी अडचण इथे येते. यंत्रमाग चालू असताना त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या विणकराचे बोलणे ऐकू येणार नाही. मग माग थांबवून, किंवा बाजूच्या खोलीत बसवून त्याची मुलाखत घ्यावी लागते. मागाचा खडखडाट स्वतंत्र ध्वनिमुद्रित करून मुलाखतीखाली हलक्या आवाजात जोडावा लागतो. आपण पाहतो तेव्हा दोन्ही एकाच वेळी घडल्यासारखे वाटते. यात लबाडी नाही. परंतु हीच जोडण्याची कला लबाडीसाठीही वापरता येते, हे ध्यानात ठेवा.

स्टुडिओतली रचना वेगळी असते. तिथे दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालतात. बाहेरच्या नियंत्रण कक्षात निर्माता पडद्यांच्या ओळीसमोर बसतो, कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र घ्यायचे ते सांगतो आणि कॅमेरामनला कानावरच्या हेडफोनमधून सूचना देतो. फ्लोअर मॅनेजर हाताच्या खुणांनी कलाकारांना वेळ दाखवतो. सुरुवातीच्या काळात फितीचे संकलन फार जिकिरीचे होते. म्हणून अनेक कार्यक्रम थेट होत, किंवा न थांबता सलग मुद्रित केले जात. अर्थातच तालमीवर फार भर असे. आज संगणकावर हवे तसे कापता-जोडता येते. सोय वाढली, तशी तालमीची सवय कमी झाली, असे मला वाटते.

पाचवी पायरी संकलनाची. वीस मिनिटांसाठी दोन-तीन तासांचे चित्रण जमलेले असते. त्यातले बहुतेक गाळावे लागते. विणकराने मुलाखतीत दहा गोष्टी सांगितल्या, पडद्यावर दोन आल्या. कोणत्या दोन, हे संकलकाच्या टेबलावर ठरते. मित्रांनो, हे नीट ऐका. तुम्ही जे पाहता ते कोणीतरी निवडलेले असते, आणि जे तुम्हाला दिसत नाही तेही कोणीतरी गाळलेले असते.

यानंतर शीर्षके, निवेदन आणि संगीत जोडले जाते. वरिष्ठ कार्यक्रम पाहून मंजुरी देतात, आणि प्रक्षेपणाच्या वेळापत्रकात त्याची जागा ठरते. ठरल्या क्षणी तो केंद्रातून निघतो, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि तिथून परतून आपल्या घरी येतो. या साऱ्या प्रवासाला सेकंदाचा जेमतेम चौथा भाग लागतो. तयारीला महिना आणि पोहोचायला पाव सेकंद!

आता आपल्या शेजारची एक हकिगत सांगतो. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात आपल्या देशाने 'साईट' नावाचा मोठा प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत टेलिव्हिजन पोहोचवण्यात आला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे होते. म्हणजे आपल्या वळसंगपासून काही कोसांवर. गावात एक संच आणि जाळीचा मोठा गोल अँटेना. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य आणि करमणूक. एका चित्राबरोबर दोन भाषांचा आवाज पाठवण्याची सोय होती. आणि महत्त्वाचे म्हणजे, लोकांना काय समजले आणि काय समजले नाही, याची विचारपूस करणारे संशोधक गावांत जात. उपग्रह वर्षभरापुरताच मिळाला होता. प्रयोग संपला, पण पाहणाऱ्याला ओळखून त्याच्या भाषेत बोलावे लागते, हा धडा मागे राहिला.

महाराष्ट्रातही असे काम झाले. 1984 मध्ये पुण्यात मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांसाठी 'बालचित्रवाणी' ही संस्था उभी राहिली. 2017 मध्ये ती बंद झाली. पुढे तीनच वर्षांनी करोनामुळे शाळांना कुलुपे लागली, आणि घरी मोबाईल नसलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखवण्यात आली. मुलांसाठी कार्यक्रम बनवणारी माणसे ऐन गरजेच्या वेळी उभी करता येत नाहीत. ती आधीपासून घडवावी लागतात.

ती माणसे आपल्यातून का घडू नयेत? दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात अन्वर जमाल किडवाई यांच्या पुढाकाराने 1982 मध्ये जनसंपर्क माध्यमांचे शिक्षण देणारे केंद्र सुरू झाले. 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे जे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले, त्यांच्या निर्मितीत या केंद्राचा वाटा होता. पुण्याची फिल्म आणि टेलिव्हिजन संस्था तर आपल्याच राज्यात आहे. या कामाला केवळ देखणा चेहरा लागतो हा गैरसमज आहे. लेखक, संकलक, ध्वनिमुद्रक, प्रकाशयोजनाकार यांचे चेहरे कोणी पाहत नाही. त्यांना लागते ते वाचन, शुद्ध भाषा, वेळेची शिस्त आणि दहा माणसांबरोबर काम करण्याची वृत्ती. आपल्या भागातल्या मुलाला मराठी, कन्नड आणि उर्दू कानावर पडतच असतात. ही त्याची मोठी पुंजी आहे. मुलींसाठीही हे क्षेत्र तितकेच खुले आहे. पालकांनी त्यांची वाट अडवू नये, ही विनंती.

शेवटी दोन गोष्टी सुचवतो. पालकांनी आठवड्यातून एखादा कार्यक्रम मुलांबरोबर बसून पाहावा आणि संपल्यावर तीन प्रश्न विचारावेत: हा कोणी केला? कोणासाठी केला? यात काय सांगायचे राहिले? आणि विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली या वर्षी दहा मिनिटांचा एक कार्यक्रम स्वतः करावा. विषय आपल्या गावचा घ्या. एखादी विहीर, आठवड्याचा बाजार, एखादा जुना कारागीर. कॅमेरा म्हणून घरातला मोबाईल पुरे. मात्र आधी कागद घ्या, त्याचे दोन भाग करा आणि संहिता लिहा. ती लिहून झाल्यावरच मोबाईल हातात घ्या.