दोन टोल्यांचे मोल

१८३७ साली बासेल मिशनचे धर्मोपदेशक धारवाडास आले आणि पाठोपाठ हुबळीसही त्यांचे ठाणे झाले. तेव्हापासून या जुळ्या नगरांत रुजलेल्या ख्रिस्ती उपासनेत प्रार्थना व प्रवचन यांच्या जोडीने अर्पणाचा विधी आजतागायत चालत आला आहे. गीत सुरू असताना कापडी पिशवी बाकाबाकांवरून हातोहात फिरते, जमलेले द्रव्य वेदीपुढे नेले जाते, आणि मंडळी उभी राहून ते देवाच्या स्वाधीन करते.

ही वर्गणी नव्हे, की पुण्याचा खरेदीखर्चही नव्हे. जे आपले म्हणून आपण मिरवतो ते मुळात देवाचेच आहे, याची ती कृतज्ञ कबुली होय. म्हणूनच सुगीच्या उपासनेत जोंधळ्याची कणसे, शेंगा, भोपळे वेदीपाशी येतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि ती रक्कम मंडळीच्या कार्यी लागते.

मात्र या जमाखर्चाचे माप निराळे आहे. मंदिराच्या भांडारात धनिकांनी पुष्कळ टाकले, तरी दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या दरिद्री विधवेचेच दान येशूने अधिक मानले, कारण तिने आपली सारी उपजीविका दिली होती. शिवाय, भावाच्या मनात आपल्याविषयी काही किल्मिष असल्याचे वेदीपाशी स्मरले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असेही त्याने सांगितले.

हातातील नाण्याआधी हृदय अर्पावे, हेच या विधीचे सार होय.